टाकी फुल केली की पेटणारा पिवळा दिवा

चेक इंजिनचा दिवा बघून घाबरायचे दिवस माझे कधीच संपले, आता नुसता वैताग येतो. गेल्या पावसाळ्यापासनं गाडीला हा दिवा जडलाय, गॅरेजला नेलं की जातोय, पंधरा दिवसांनी परत हजर, बॅग घेऊन आलेल्या पाहुण्यागत. शेवटी कारण सापडलं आणि ते इतकं साधं निघालं की तीन गॅरेजांत घातलेले पैसे आठवले की अजून पोटात दुखतंय. म्हणून सगळं इत्थंभूत लिहितोय, ज्याची गाडी असंच करतीय त्याचे तरी वाचतील.

गाडी २०१८ ची, पेट्रोल, बीएस-४, साधी हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेली. दिवा पहिल्यांदा पेटला ऑगस्टमध्ये, रत्नागिरीला निघालतो, आंबा घाट उतरताना. दिवा स्थिर होता, लुकलुकत नव्हता, म्हणून गाडी बंद न करता निवांत गेलो. हे आधीच सांगतो, कारण लोक इथंच गडबडतात: दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सवडीनं गॅरेज गाठलं तरी चालतं, पण लुकलुकत असेल तर गाडी मिसिंग करतीय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं चाललंय, तेव्हा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळायच्या आधी बाजूला घ्या.

परत आल्यावर पहिल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, गाडीनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, ३०० घेतले आणि म्हणाला पावसाचं पाणी गेलं असंल कुठल्यातरी सेन्सरमध्ये. नऊ दिवसांनी दिवा परत. दुसऱ्यानं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी धुतली, २,८०० रुपये. दिवा तीन आठवडे आला नाही, मी चार लोकांना त्याचं नाव पण सुचवलं. दिवाळीला दिवा परत, आता सोबत आणखी एक नवीन दुखणं, पेट्रोल भरून गाडी चालू करायला गेलं की सेल्फ मारत बसायचं, रेस दाबून धरली की मग खोकत खोकत घ्यायची. तिसऱ्यानं सांगितलं ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साडेसहा हजार लागतील. तिथं मात्र मी म्हटलं थांबा भावा, उद्या सांगतो.

घरी येऊन कुरकुर करत होतो तर बायको म्हणाली, "अहो, टाकी फुल केली की दुसऱ्या दिवशी पेटतोय बघा हा. मधी ५००-५०० चं घालत होता तेव्हा कुठं पेटत होता?" ती पेट्रोलचा खर्च वहीत लिहिते, तारखेसकट. वही काढली. ऑगस्टमध्ये रत्नागिरीला जायच्या आदल्या दिवशी फुल. नऊ दिवसांनी परत फुल. मग मधले तीन आठवडे हात आखडता होता म्हणून थोडं थोडं घातलेलं, आणि नेमका त्याच तीन आठवड्यांत दिवा गायब. म्हणजे प्लगवाल्याचं जे कौतुक मी करत होतो ते खरं माझ्या रिकाम्या खिशाचं होतं.

आता टाकी भरण्याचा आणि इंजिनच्या दिव्याचा संबंध काय, ते कळायला पेट्रोलच्या वाफेचा रस्ता समजून घ्यावा लागतो. पेट्रोल टाकीत नुसतं पडून राहिलं तरी त्याची वाफ होत असते, उन्हात तर विचारूच नका. ही वाफ हवेत सोडायला बंदी आहे, म्हणून टाकीतनं एक पाईप निघतो आणि कॅनिस्टर नावाच्या काळ्या डब्यात जातो. त्या डब्यात सक्रिय कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. डब्याला एका बाजूनं मोकळी हवा घ्यायचं तोंड असतं आणि दुसऱ्या बाजूनं एक पाईप इंजिनच्या मॅनिफोल्डकडं, म्हणजे इंजिनात हवा जायच्या नळीकडं जातो, त्या पाईपवर पर्ज व्हॉल्व्ह बसवलेला असतो. इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो, इंजिनची ओढ डब्यातनं ताजी हवा खेचते, हवेबरोबर कोळशात धरलेली वाफ येते आणि इंजिनमध्ये जळून जाते. वाया काही नाही. गरम इंजिनला बॉनेट उघडून कान दिला की टिकटिक टिकटिक ऐकू येती ना, बरेच जण टॅपेट वाजतोय म्हणून घाबरतात, ती बऱ्याचदा ह्या व्हॉल्व्हचीच असती.

आता हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर? मग ईसीयूनं सांगितलेलं नसताना वाफ इंजिनात शिरत राहते. टाकी अर्धी असताना वाफ कमी म्हणून गाडी कसंबसं निभावून नेती, पण टाकी गच्च भरली की डब्यात वाफच वाफ, ती सगळी थेट मॅनिफोल्डमध्ये, चालू करतानाच पेट्रोल-हवेचं मिश्रण इतकं घट्ट की प्लगला पेटवता येत नाही. रेस दाबली की जादा हवा जाते म्हणून घेती. माझ्या गाडीचं अगदी हेच चाललेलं.

पण अंदाजावर पार्ट बदलायचे नाहीत हे तोपर्यंत शिकलो होतो. ब्लूटूथचा ईएलएम ३२७ स्कॅनर मागवला, हजाराच्या आत मिळतो, स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं तिथं लावायचा आणि मोबाईलवर ॲप उघडायचं. कोड आला पी०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. बघा, कोडमध्ये वाफेचं, कॅनिस्टरचं नावसुद्धा नाही, आणि तिथंच तिघंही फसले. कोड ईसीयूला काय दिसलं ते सांगतो, कुणी केलं ते नाही सांगत. आणि एक कळकळीची विनंती, कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. दिवा पेटला त्या क्षणी इंजिनचं तापमान, वेग, आरपीएम काय होतं ते सगळं त्यात साठवलेलं असतं आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं, बॅटरीची तार काढली तरी तेच. माझ्या पहिल्या गॅरेजवाल्यानं ३०० रुपये घेऊन खरं तर पुरावा नष्ट केलता.

माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, इंजिन गरम, आयडलिंगला. म्हणजे सिग्नलला उभा असताना पेटलेला. मग फ्युएल ट्रिम बघितली. हा आकडा म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय त्याचा हिशेब. उणे-अधिक पाचच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत खपवून घेतात. माझी आयडलिंगला उणे २१. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरली की उणे ४. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे, हे नीट वाचा. पेट्रोलचं प्रेशर जास्त असतं तर आकडा सगळीकडं सारखा उणे दिसला असता. इथं आयडलिंगलाच बिघाड आहे, रेस दिली की बिघाड विरघळतोय, म्हणजे कुठनं तरी ठरावीक थोडी वाफ सतत येतीय जी थोड्या हवेत जास्त जाणवते आणि भरपूर हवेत लपून जाते. बादलीत लिंबू पिळलं तर काय कळणार, पेल्यात पिळलं तर कळतं.

आता प्रत्यक्ष तपासणी, ह्याला दहा मिनिटं लागतात. एक गोष्ट आधी, पेट्रोलच्या वाफेजवळ काम आहे, सिगारेट, लायटर, अगरबत्ती काहीही नको. अगरबत्तीचं मुद्दाम सांगतोय, कारण मॅनिफोल्डची हवागळती शोधायला अगरबत्तीचा धूर फिरवणारे मिस्त्री मी डोळ्यानं बघितलेत, ते वाफेच्या पाईपजवळ करणं म्हणजे स्वतःची उदबत्ती स्वतः लावणं.

इंजिन बंद असताना पर्ज व्हॉल्व्हचा वायरचा कप्लर काढला. वीज नसली की हा व्हॉल्व्ह बंद असायला पाहिजे, तसाच बनवलेला असतो. मग कॅनिस्टरकडनं येणारा पाईप व्हॉल्व्हवरनं सोडवला, गाडी चालू केली आणि उघड्या तोंडावर बोट ठेवलं. बोट गपकन ओढलं गेलं. कप्लर काढलेला असतानाही ओढ आहे म्हणजे व्हॉल्व्ह आतनं बंदच होत नाही, विषय संपला. खात्रीसाठी पाईप परत जोडला, पाईपला फडकं गुंडाळून पक्कडीनं हळू दाबून धरला आणि मोबाईलवर ट्रिम बघत बसलो. ट्रिमचा शॉर्ट टर्मचा, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा आकडा बघता बघता शून्याकडं सरकला. त्या क्षणी जो आनंद झाला तो काय सांगू. हे काम झाल्यावर कप्लर परत लावायला विसरू नका, नाहीतर व्हॉल्व्हच्या सर्किटचा पी०४४३ किंवा त्याच्या शेजारचा कोड नव्यानं येतो आणि माणूस परत पहिल्या पानावर.

मल्टिमीटर असेल तर व्हॉल्व्हच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघता येतो, साधारण वीस-तीस ओहम मिळतो, गाडीनुसार थोडा इकडंतिकडं. माझा २६ आला, म्हणजे कॉइल ठणठणीत. म्हणूनच ईसीयूला व्हॉल्व्हची तक्रार दिसत नव्हती, वायर ठीक, वीज ठीक, फक्त आतला पडदा अडकलेला.

व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कागदावर उलटा आपटला तर काळे बारीक दाणे पडले, मोहरीएवढे आणि काही नुसती भुकटी. हा कोळसा. म्हणजे मूळ आजार व्हॉल्व्ह नाहीच, कॅनिस्टर फुटलाय आतनं आणि त्याचे दाणे येऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतायत. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर दोन महिन्यांनी परत हीच कथा. कुणी व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरनं धुऊन देतो म्हणालं आणि आतनं काळे दाणे आले, तर धुण्यावर समाधान मानू नका.

कॅनिस्टर माझ्या गाडीत मागं टाकीजवळ आहे, काही गाड्यांत बॉनेटखालीच असतो. गाडी रॅम्पवर घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो, कार्बोरेटरच्या जमान्यातला माणूस, स्कॅनर वापरत नाहीत. डबा काढला, हातात घेऊन नुसता हलवला, आत डबडब पेट्रोल. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "कट पडल्यावर भरतोस काय रं?"

भरतो की मामा. सगळेच भरतात. नोझल कट पडली, मीटर २,३४७ वर, पोरगं विचारतंय राउंड करू का, आपण म्हणतो करा की, सुट्टे कोण मोजत बसणार. मग ते २,४०० पर्यंत चिर्रर्र चिर्रर्र करत घालतंय. काही जण तर गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरून घेतात, मी त्यातलाच.

टाकीत वर थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असती, वाफेला आणि पेट्रोल फुगायला. पंपावरची टाकी जमिनीत, तिथलं पेट्रोल गार असतं, ते तुमच्या टाकीत येऊन उन्हात तापलं की फुगतं. ३५ लिटर पेट्रोल १५ अंशानं तापलं तर जवळपास अर्धा लिटर वाढतं. म्हणजे कट पडल्यावर आपण जेवढं राउंड करतो जवळजवळ तेवढंच. मग ते जाणार कुठं, वाफेच्या पाईपमधनं कॅनिस्टरमध्ये, आणि कॅनिस्टर वाफेसाठी बनवलाय, पातळ पेट्रोलसाठी नाही. कोळसा एकदा पेट्रोलमध्ये भिजला की वाफ धरायची ताकद जाते, आतल्या जाळ्या सुटतात, खडबडीत रस्त्यावर दाणे घासून भुकटी होते. आणि आपल्याकडं रस्त्यांचं काय सांगायचं, फुलेवाडीकडनं गगनबावड्याला एकदा जाऊन आलं की कोळसाच काय, माणसाचे मणके पण भुकटी होतात.

खर्च: व्हॉल्व्ह १,६५० ला, कॅनिस्टर ५,२०० ला, मजुरी ६००, आणि मधला पाईप कडक झालेला म्हणून तोही बदलला. पाईपमधले राहिलेले दाणे काढायला हवा मारली, पण दोन्ही टोकं सुटी करून. टाकीच्या दिशेनं कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका, टाकी ही काय ट्रकचं टायर नाही.

आता ज्यांच्या गाडीला थेट गळतीचे कोड येतात त्यांच्यासाठी. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे छोटी, साधारण एक मिलिमीटरच्या भोकाएवढी, पी०४५६ म्हणजे अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरची, आणि पी०४५७ म्हणजे झाकण सैल किंवा झाकणच नाही. यूट्यूबवर बघाल तर प्रत्येक जण सांगतो की झाकण घट्ट करा, दिवा जाईल. ते अमेरिकेतल्या गाड्यांचं आहे. तिथला नियम असा की गाडीनं वाफेची टाकी-पाईप सगळं स्वतः तपासून अर्ध्या मिलिमीटरची गळती पकडायची, त्यासाठी टाकीवर प्रेशर सेन्सर असतो आणि कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडावर आणखी एक व्हॉल्व्ह. आपले प्रदूषणाचे बीएस-४ आणि बीएस-६ चे नियम युरोपच्या धर्तीचे, त्यात पर्ज व्हॉल्व्हचं वायरिंग शाबूत आहे का एवढं बघितलं तरी भागतं. त्यामुळं आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत झाकण घरी विसरून आलात तरी दिवा पेटणार नाही, आणि दिवा पेटलाय म्हणून झाकण बदलून काही होणार नाही. आधी तुमच्या गाडीत टाकीचा प्रेशर सेन्सर आहे का ते मॅन्युअलमध्ये किंवा स्कॅनरच्या यादीत बघा, मग ठरवा.

माझ्या मित्राच्या एसयूव्हीत तो आहे. त्याला पी०४५६ यायचा, जायचा. झाकणाचा वायसर बघितला, रबर ठीक, कुठं चीर नाही. वास येत नाही, ॲव्हरेज ठीक, पेट्रोल टपकत नाही. शेवटी स्मोक टेस्ट केली, म्हणजे वाफेच्या पाईपमधनं खनिज तेलाचा धूर अगदी हलक्या दाबानं सोडायचा, एक पीएसआयच्या आतच, आणि धूर कुठनं बाहेर येतो ते टॉर्चनं बघायचं. टाकीच्या वरच्या पाईपला उंदराचे दात. गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी असती, ऊसतोड झाली की उंदरांना आसरा कुठं, तर गाडीत. पाईप बदलला, झालं. ज्यांच्या जवळपास स्मोक मशीन नाही त्यांनी निदान पाईपच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बघायला हरकत नाही, पंक्चरवाला बघतो तसं, पण बारीक गळतीला ते पुरत नाही हे धरून चाला.

आणखी एक उलटा प्रकार असतो, गळती नाही, तर हवेचं तोंड तुंबलेलं. पंपावर नोझल दर दोन लिटरला कट पडत असेल, किंवा लांबनं आल्यावर झाकण उघडलं की मोठ्ठ्यानं फुस्स करून हवा आत ओढली जात असेल, तर कॅनिस्टरचा मोकळ्या हवेचा पाईप बघा. थोडंसं फुस्स चालतं, पण कुकरसारखं नाही. तिथं चिखल बसतो, कोळी जाळं करतो, आणि कुंभारीण माशी तर मातीचं घर बांधायला असलं भोक शोधतच असती.

जुन्या गाडीवाल्यांनी पाईपांकडं जरा जास्त लक्ष द्या, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आपल्याच उसाचं म्हणून अभिमान वगैरे ठीक आहे पण जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. बोटानं वाकवून बघा, चिरा दिसल्या की बदलून टाका, फुटाला काही फार पैसे पडत नाहीत.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच गेला नाही तर घाबरू नका. ईसीयू सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही की दिवा स्वतः विझवतो, आणि गळती तपासणाऱ्या गाड्या तर ती तपासणी रोज करतही नाहीत, गाडी रात्रभर गार झालेली पाहिजे, टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी नको. मी स्कॅनरनं पुसला, कारण मला बघायचं होतं की ट्रिम काय म्हणते. आठवडाभरानं आयडलिंगला उणे २. पीयूसीला मागच्या वेळी कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या मर्यादेला टेकलेलं, ह्यावेळी बरंच खाली आलं. सेल्फ पहिल्या झटक्यात. ऑक्सिजन सेन्सर कारखान्यातनं आला तोच अजून बसलाय.

त्यानंतर चार वेळा टाकी फुल झाली. परवा पुण्याला निघालो, हायवेला लागायच्या आधी पंपावर थांबलो, कट पडला २,२६३ ला. पोरगं म्हणालं राउंड करू का साहेब. मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या खिडकीतनं वही घेऊन आवाज आला, "नको, २,२६३ च लिहिलंय मी."